मुंबईची कापड-गिरणी व कलकत्त्याची ताग-गिरणी

एकाच राज्यसत्तेखालीं आणि जवळजवळ एकाच वेळीं देशाच्या दोन टोकांस यंत्राच्या गिरण्या उभ्या राहिल्या. मुंबईस कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मंडळी स्थापून ताडदेव येथें सूतगिरणी बांधली. ती १८५६ च्या आरंभीं चालूं झाली. तिकडे हुगळीच्या कांठीं रिश्रा येथें जॉर्ज ॲक्लंड नांवाच्या इंग्रजानें १८५५ सालीं ताग कांतण्याचीं यंत्रें बसविलीं. आगगाडी मुंबईंत १८५३ सालीं धांवली, हावड्यास १८५४ सालीं. यंत्रें दोहोंकडे विलायतेहून आलीं, कायदा एक, नाणें एक, आणि राज्यकर्तेहि तेच. असें असतां अर्धें शतक लोटल्यावर काय दिसतें? मुंबई बेटांत सुमारें ऐंशी गिरण्या आहेत, व त्यांपैकीं बहुतेक पारशी, भाटिये, खोजे, गुजराती वाणी, बगदादी यहुदी अशा येथेंच स्थायिक झालेल्या व्यापाऱ्यांच्या हातीं आहेत. हुगळीच्या दोन्ही तीरांवर ताग-गिरण्यांची रांग लागली आहे, आणि तींत एतद्देशीयाच्या कारभाराखालीं चाललेली गिरणी औषधालाहि सांपडत नाहीं. हा भेद कां पडला, आणि ह्या दोहोंच्या मध्यें पसरलेला आमचा देशावरचा व कोंकणचा मुलूख तिसऱ्याच वाटेनें कां गेला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. १९८३ सालीं कोंकणांतील एका गांवच्या शाळेंत संस्कृत शिकविण्यास आम्ही रुजू झालों, तेव्हां इतिहासाचे तासहि आमच्याच गळ्यांत पडले होते. जानेवारी १९८२ मध्यें मुंबईंत सुरू झालेल्या संपानें गिरण्यांचे भोंगे थांबले होते, चाळींतलीं बिऱ्हाडें मोडलीं होतीं, आणि मुलें गांवच्या घरीं परत आलीं होतीं. औद्योगिक क्रांतीचा धडा चालला असतां अशाच एका मुलानें विचारलें, "सर, गिरणींत राबणारे सगळे आपले, मग गिरणीचा मालक आपला एकहि कसा नाहीं?" आम्हीं उत्तर दिलें कीं, व्यापार हा आपल्या लोकांच्या रक्तांत नाहीं. वर्ग गप्प बसला. उत्तर सोपें होतें आणि खोटें होतें. तें खोटें आहे हें आमच्या ध्यानीं येण्यास पुढें वीस-पंचवीस वर्षें लागलीं. तोंवर तो वर्ग पांगला होता.

'रक्तांत नाहीं' ह्या उत्तराचे धनी आम्ही एकटेच नव्हतों. पारशी जात्याच व्यापारी, बंगाली जात्याच बोलका व आळशी, मराठा लढवय्या, ब्राह्मण कारकून, ही वांटणी अव्वल इंग्रजींतील साहेबांनीं आपल्या अहवालांत लिहून ठेविली आणि आपण ती शहाणपण म्हणून पाठ केली. थोर विद्वानांसहि ह्या विचाराची भूल पडली आहे. जर्मन पंडित माक्स वेबर यानें १९१६-१७ च्या सुमारास हिंदुधर्मावर लिहिलेल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, जातिव्यवस्था व कर्मसिद्धांत यांच्या चौकटींत आधुनिक भांडवलशाही आपण होऊन जन्मास येणें शक्य नव्हतें. वेबरचा व्यासंग दांडगा होता. परंतु त्याच्या सिद्धांतानें हिंदुस्थान व युरोप यांतील भेद जरी उलगडला असें क्षणभर मानलें, तरी मुंबई व कलकत्ता यांतील भेद त्यानें उलगडत नाहीं, कारण धर्म व जाति दोहोंकडे होत्याच.

अशा अनुमानांसाठीं आमच्या नैयायिकांनीं एक चांगली कसोटी सांगून ठेविली आहे. धूर असेल तेथें अग्नि असतो हें खरें. परंतु अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या सर्पणाचा संयोग व्हावा लागतो. ह्या ओल्या सर्पणास ते 'उपाधि' म्हणतात, आणि उपाधि लक्षांत न घेतां केलेलें अनुमान दुष्ट ठरवितात. व्यापारी जात हा अग्नि व गिरणी हा धूर असें मानून चालल्यास आपलेंहि तसेंच होतें.

पारशी मंडळी सुरत व नवसारी येथें कित्येक शतकें नांदत होती. त्यांची पहिली गिरणी तेथें निघाली नाहीं, मुंबईंत निघाली. अहमदाबादेस पहिली गिरणी काढणारे रणछोडलाल छोटालाल हे वाणी नव्हते; ते नागर ब्राह्मण असून पूर्वी सरकारी नोकरींत होते. त्यांची गिरणी १८६१ सालीं चालूं झाली व त्या शहराचें पुढील सारें भाग्य तिच्यांतून उमटलें. मारवाडी व्यापारी तर कलकत्त्याच्या बडाबाजारांत एकोणिसाव्या शतकभर होते, ताग व कापड यांची दलाली करीत होते, हुंड्या वटवीत होते. त्यांच्या हातीं ताग-गिरणी आली ती १९१४-१८ च्या महायुद्धांत तागाच्या व्यवहारांत पैसा मिळाल्यानंतर, म्हणजे १९१९ च्या सुमारास, जेव्हां बिर्ला व हुकुमचंद यांनीं आपापल्या गिरण्या उभारण्यास घेतल्या. जात तीच, शहर तेंच, आणि तरी मधलीं कित्येक दशकें कोरडीं गेलीं. म्हणजे अग्नि होता. ओलें सर्पण नव्हतें.

हें सर्पण कोणतें? केवळ यंत्र वा आगगाडी नव्हे. कार्ल मार्क्स यानें १८५३ सालीं अमेरिकेंतील एका वृत्तपत्रांत भाकित केलें होतें कीं, रेल्वे ही हिंदुस्थानांतील अर्वाचीन उद्योगांची अग्रदूत ठरेल. रेल्वे आली, पण तिनें एकीकडे एक केलें आणि दुसरीकडे दुसरें. यंत्राचें म्हणाल तर तें कलकत्त्यासच आधीं पोंचलें होतें. हुगळीकांठीं बौरिया येथें युरोपियनांनीं मुंबईच्या कितीतरी वर्षें आधीं कापसाची गिरणी काढलेली होती, आणि तिच्या मागून दुसरी निघाली नाहीं. तात्पर्य, पाहावयाचें तें हें कीं, गिरणी येण्यापूर्वींच्या पन्नास-साठ वर्षांत व्यापाराचा नफा कोणाच्या पेटींत पडत होता, आणि दूरच्या बाजारपेठेचें ज्ञान कोणाच्या डोक्यांत सांठत होतें.

बंगालपासून आरंभ करूं. १७६५ सालीं दिवाणी हातीं येतांच कंपनीनें बंगालचा महसूल वसूल करून त्याच पैशानें बंगालचा माल खरेदी करावयाचा व विलायतेस धाडावयाचा अशी रीत घातली. खरेदीदार राजा, विकत घेण्याचा पैसा रयतेचा, मग मधल्या व्यापाऱ्यास वाव तो किती उरणार! मीठ सरकारी मक्त्यांत गेलें. अफूचा मक्ता १७७३ सालीं कंपनीनें स्वतःकडे घेतला. बिहारांत खसखशीचें शेत पेरल्यापासून पेट्या कलकत्त्याच्या लिलावांत जाईपर्यंतचा सारा नफा सरकारचा. त्यावर १७९३ च्या कायमधाऱ्यानें जमीनदाराकडून सरकारानें घ्यावयाची रक्कम कायमची ठरली. लोकसंख्या वाढली, भाव वाढले, कुळांकडून मिळणारा खंड वाढला, आणि सरकारचें देणें मात्र होतें तेवढेंच राहिलें. अशा स्थितींत ज्याच्याजवळ चार पैसे आहेत त्यानें जमीनदारी विकत घ्यावी कीं गलबत? बंगाली श्रीमंत जमिनीकडे वळला तो आळसानें नव्हे, चोख हिशेबानें.

तरीहि ह्या मुलखांत एक पुरुष असा निघाला कीं, त्याच्या चरित्रावरून सगळा प्रश्न तपासतां येतो. द्वारकानाथ टागोर यांनीं १८३४ सालीं कार, टागोर आणि कंपनी ही पेढी युरोपियन भागीदारासह काढली. १८३६ सालीं त्यांनीं राणीगंजची कोळशाची खाण घेतली. नीळ, रेशीम, साखर, गलबतें ओढणाऱ्या वाफेच्या नौका, विमा, असा त्यांचा पसारा होता, व १८२९ सालीं स्थापन झालेली युनियन बँक त्यांच्या वजनाखालीं चालत होती. यंत्रयुगाचा उद्योगपति ज्याला म्हणावें तसा हा माणूस मुंबईंत पहिली सूतगिरणी निघण्यापूर्वीं वीस वर्षें कलकत्त्यांत वावरत होता. १८४६ सालीं ते लंडन येथें वारले. १८४७ सालीं लंडनच्या बाजारांत हलकल्लोळ होऊन निळीचा भाव कोसळला. युनियन बँकेनें निळीच्या तारणावर आपल्याच संचालकांच्या पेढ्यांस भरमसाट कर्जें दिलेलीं होतीं. जानेवारी १८४८ मध्यें ती बुडाली, आणि तिच्याबरोबर टागोरांची पेढीहि आटोपली. ह्या बुडण्यांत गोऱ्या पेढ्या गेल्या व काळ्याहि गेल्या. फरक पुढें झाला. लंडनच्या पतीवर नव्या गोऱ्या पेढ्या पुन्हां उभ्या राहिल्या. बंगाली भांडवल एकदां पोळलें तें बहुतांशीं जमिनींत, घरांत व सरकारी रोख्यांत जाऊन बसलें. रिश्र्याच्या पहिल्या ताग-गिरणीमागें विश्वंभर सेन ह्या बंगाली गृहस्थांचा पैसा होता ही गोष्ट आज फार थोड्यांस ठाऊक असेल. पैसा अगदींच नव्हता असें नाहीं. त्याच्या पाठीशीं उभें राहणारें दुसरें कांहींच उरलें नव्हतें.

आतां पश्चिमेकडे वळूं. येथें कंपनीचें राज्य उशिरां आलें. १८१८ पर्यंत पुणें, ग्वाल्हेर, इंदूर व बडोदें येथें मराठ्यांची सत्ता होती, आणि माळवा तर त्यानंतरहि शिंदे-होळकरांच्या संस्थानांतच राहिला. माळव्यांत खसखस पिके. उज्जैन व इंदूरचे सावकार कुळांस आगाऊ रकमा देत, चीक विकत घेत, गोळे करीत, व माल किनाऱ्याकडे रवाना करीत. बिहारांत जें कंपनीस साधलें तें माळव्यांत साधण्याची तिनें १८१८ नंतर दहा-बारा वर्षें पराकाष्ठा केली. संस्थानिकांशीं करार केले, नाकीं बसविलीं, स्वतः खरेदी करून पाहिली. परंतु माल राजपुतान्याच्या वाळवंटांतून सिंधेंत, तेथून कराचीच्या बंदरांत व तेथून पोर्तुगीजांच्या दमणास पोंचे, आणि दमणाहून चीनची वाट धरी. अखेर १८३०-३१ च्या सुमारास कंपनीनें हात टेंकले व परवाना-पद्धति चालूं केली. दर पेटीस ठराविक रक्कम भरावी व माल उघडपणें मुंबईस आणावा. १८४३ सालीं सिंध प्रांत जिंकून कराचीची वाट बंद केल्यावर ही रक्कम भराभर वाढवीत पेटीस ४०० रुपयांपर्यंत नेली. पण तोंवर व्यापार मुंबईच्या एतद्देशीय व्यापाऱ्यांच्या हातीं पक्का बसला होता. अमर फारुकी यांनीं ह्या व्यापाराचें जें संशोधन केलें आहे, त्यानंतर मुंबईच्या भांडवलाचा विचार अफू वगळून करतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्या व्यापारांतले अग्रणी जमशेटजी जिजीभाई. त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन व महंमद अली रोघे हे कोंकणी मुसलमान होते. म्हणजे ही कमाई एका जातीची नव्हे, एका बंदराची होती. जमशेटजी स्वतः अनेक वेळां चीनला जाऊन आले. त्यांचें इस्पितळ, माहीमचा रस्ता, शाळा, धर्मशाळा यांचा आपण गौरव करतों व तो योग्यच आहे. परंतु ज्या पेट्यांनीं हा पैसा आला त्या पेट्यांनीं चीनमधलीं किती घरें बसविलीं, ह्याचाहि उल्लेख इतिहासकारानें टाळूं नये. कमळाची थोरवी गातांना चिखल झांकण्याची कांहीं गरज नसते.

ह्या पायावर १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धानें मजले चढविले. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव अनेक पटींनीं चढले, आणि नेहमींच्या उत्पन्नावर सात कोटि पौंडांहून अधिक रक्कम ह्या चार-पांच वर्षांत शहरांत आली असा तत्कालीन लेखकांचा अंदाज होता. मग शेअरांचें वेड आलें. समुद्र बुजविण्याच्या कंपन्या, बँका, मंडळ्या यांचा सुकाळ झाला. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपलें व जुलैच्या पहिल्या तारखेस, वायद्यांच्या फेडीच्या दिवशीं, सारा फुगा फुटला. प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर खालीं आले. आमचे भाऊ दाजी यांची उभ्या जन्माची कमाईहि त्यांत गेली. मुंबई बँक मोडून १८६८ सालीं नवी स्थापावी लागली.

येथें एक शंका रास्त आहे. १८४८ च्या बुडीनें कलकत्त्याचें एतद्देशीय भांडवल आडवें झालें, मग १८६५ च्या बुडीनें मुंबईचें कां झालें नाहीं? आमच्या मतें ह्याचें एक कारण असें कीं, मुंबईच्या पाठीमागें कायमधाऱ्याची जमीनदारी नव्हती. रयतवारींत खंडाचा मोठा वांटा सरकारच घेई; तेव्हां पोळलेल्या पैशास निवांत बसण्यास बंगालसारखें मऊ आसन येथें उपलब्ध नव्हतें. त्यास व्यापारांतच फिरावें लागलें. दुसरें असें कीं, कागद बुडाले तरी कापसाची निर्यात व चीनचा व्यापार हीं चालूंच होतीं, आणि तीं ज्या पेढ्यांच्या हातीं होतीं त्यांतील पुष्कळ तगल्या. कापसाच्या व्यापाऱ्यास स्वतःची गिरणी असणें ही एक तऱ्हेची सोय होती: लिव्हरपुलास भाव चढला तर कापूस गांठोड्यांनीं विकावा, उतरला तर त्याचें सूत काढावें. राजनारायण चंदावरकर यांनीं मुंबईच्या भांडवलदारांचा जो अभ्यास १९९४ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतहि गिरणी ही व्यापाऱ्याच्या धोका वांटण्याच्या धोरणांतून कशी वाढली हें दाखविलें आहे. १८७० नंतर गिरण्या झपाट्यानें निघाल्या त्या ह्यामुळें.

मग सूत विकावयाचें कोठें? तर जेथें अफू विकत होती तेथेंच. हाँगकाँग व शांघाय येथें मुंबईच्या पेढ्या, मुनीम व गुदामें होतीं. कोणत्या हंगामांत कोणता माल खपतो हें त्यांस तोंडपाठ होतें. ज्या पाण्यानें अफूच्या पेट्या गेल्या त्याच पाण्यानें सुताच्या गांसड्या गेल्या. ह्याच्या उलट ताग घ्या. तागाचीं पोतीं लागत होतीं तीं अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांच्या धान्यास व लोंकरीस. ती बाजारपेठ लंडनमार्फत चाले. तेथील पत, जहाजें, विमा व ओळखी स्कॉटलंड-इंग्लंडच्या पेढ्यांकडे होत्या. तागाचें तंत्र डंडी येथें वाढलेलें. यंत्रें व ओव्हरसियर तेथलेच. बर्ड, अँड्र्यू यूल, जार्डिन स्किनर ह्या कलकत्त्याच्या पेढ्या चहा, कोळसा व ताग अशा अनेक कंपन्यांचा कारभार एकाच टेबलावरून पाहत. १८८४ सालीं ताग-गिरणीवाल्यांनीं आपला संघ स्थापला आणि माल फार झाला कीं सर्वांनीं मिळून कामाचे तास कमी करावयाचे असा करार करूं लागले. बँका, बंदराचा कारभार, व्यापारी मंडळ, सारीकडे तीच माणसें. बाहेरच्यास आंत शिरण्यास फट नव्हती. अमियकुमार बागची यांनीं १९०० ते १९३९ ह्या काळांतील खाजगी भांडवलाविषयींच्या ग्रंथांत हें तटबंदीचें स्वरूप सविस्तर मांडलें आहे.

ह्याचा अर्थ मुंबईच्या गिरणीवाल्यास सरकारनें मोकळें रान दिलें असा मात्र नव्हे. मँचेस्टरच्या आग्रहास्तव १८८२ सालीं कापडावरील आयात-जकात उठविली; पुढें तिजोरीस पैसा हवा म्हणून ती पुन्हां बसविली, तेव्हां १८९६ सालीं आयात कापडावर साडेतीन टक्के व तेवढाच कर येथील गिरण्यांच्या कापडावर, असा न्याय केला. तो कर १९२६ सालीं गेला. १८९३ सालीं रुपयाच्या टांकसाळी लोकांस बंद केल्यानें रुप्याचें चलन असलेल्या चीनमध्यें मुंबईचें सूत महाग पडूं लागलें. त्याच वर्षीं जमशेटजी टाटा यांनीं निप्पोन युसेन काइशा ह्या जपानी कंपनीशीं मिळून मुंबई-कोबे अशी जहाजांची फेरी सुरू केली, पी. अँड ओ. आदि जुन्या कंपन्यांनीं भाडें इतकें पाडलें कीं टाटांस माघार घ्यावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्या पाठीशीं तिचें सरकार आणि जपानच्या गिरणीवाल्यांचा संघ उभा होता. त्या जहाजांनीं आमचा कापूस जपानास नेला, आणि त्याच कापसाचें सूत कांहीं वर्षांत मुंबईच्या सुतास चीनच्या बाजारांतून बाहेर काढूं लागलें. राज्य आपलें असणें व नसणें यांतील अंतर एका वाक्यांत सांगावयाचें तर ही हकीकत पुरे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. पुण्याच्या सावकारी पेढ्या अठराव्या शतकांत लहान नव्हत्या. परंतु त्यांचा मुख्य धंदा काय? सरकारास व सरदारांस कर्ज देणें, महसुलावरील वराता पटविणें, मोहिमेवरच्या फौजांस हुंड्या पोंचविणें. १८१८ सालीं त्यांचें सर्वांत मोठें कुळच नाहींसें झालें. कलेक्टराच्या खजिन्यास सावकाराची गरज नव्हती. समुद्रपार व्यापाराची वाट ह्या पेढ्यांच्या हातीं नव्हती आणि विकत घेण्यास बंगालची जमीनदारीहि नव्हती. राहिली ती रयत. सारा रोकड भरावा लागे, तो ठरल्या हप्त्यास भरावा लागे, आणि खत लिहून घेणाऱ्याच्या पाठीशीं आतां दिवाणी कोर्ट उभें होतें. दरसाल दर शेंकडा बारा ते चोवीस व त्याहूनहि अधिक व्याज गांवांत सुटत असतां गिरणीचा शेअर कोण घेईल? त्या सावकारींत पुढें मारवाडी व गुजराती मंडळी पुढारली हें खरें. पण प्रश्न जातीचा नसून वाटेचा होता. कापसाच्या तेजींत रयतेची पत वाढली, कर्जें वाढलीं, १८६५ नंतर भाव उतरले, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें खतें जळालीं. ज्या तेजीनें मुंबईंत धुराडीं उभीं केलीं तिनेंच देशावर दंगे पेटविले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत दोन वेगळ्या धड्यांत येते म्हणून मुलांस कधींच एकत्र दिसत नाहीं. सोलापूरची जुनी गिरणी व नागपूरची एम्प्रेस मिल हीं दोन्ही १८७७ सालीं चालूं झालीं, पण पैसा मुंबईचा होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे नियम येथें जसेच्या तसे लागूं पडत नाहींत व सरकारनें उद्योगांस हात दिला पाहिजे असें जें बजावलें, तें ह्या परिस्थितीकडे पाहूनच.

आणि जेथें हात मिळाला तेथें काय झालें तेंहि पाहावें. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या पंतप्रतिनिधींनीं १९१० सालीं कुंडलजवळचा ओसाड माळ व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलें. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशा समजुतीमुळें प्रथम नांगर पडून राहत; पुढें त्या माळावर किर्लोस्करवाडी झाली. ओगल्यांचा कांचकारखानाहि त्याच संस्थानांत वाढला. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०६ सालीं गिरणी स्थापिली. इचलकरंजीस तेथील जहागीरदारांच्या आश्रयानें मागांचें गांव उभें राहिलें. हीं उदाहरणें देतांना आम्ही हेंहि नमूद करतों कीं, ह्या देशांत संस्थानें शेंकड्यांनीं होतीं व त्यांतील बहुतेकांनीं शिकारखान्यापलीकडे कांहीं उभारलें नाहीं. राज्य आपलें असणें पुरेसें नव्हे. परंतु तें नसतां मराठी कारागिराच्या हातांतली विद्या भांडवलापर्यंत पोंचण्यास दुसरी वाटच नव्हती.

कोंकणाजवळ तर भांडवल नव्हतेंच, माणसें होतीं. खोतीच्या गांवांत भात पुरत नसे, आगबोट मात्र जवळ होती. १९११ च्या खानेसुमारींत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकीं जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. मालक एतद्देशीय होता म्हणून त्यांचे दिवस सुखाचे गेले असें कोणी समजूं नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला तो आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति, वेळेवर पगार असल्या गोष्टींसाठीं. रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडावें लागलें. हुगळीकांठच्या गिरण्यांतहि राबणारे बिहार, ओरिसा, संयुक्त प्रांत येथून आलेले परकेच होते. मुंबईंत त्यांस जॉबर भरती करी, तिकडे सरदार. मालकाचा वर्ण भिन्न झाला तरी ह्या बाबतींत दोन्ही शहरें एकमेकांची सख्खीं भावंडें शोभत.

१९४७ नंतर ताग-गिरण्या एकामागून एक स्कॉच पेढ्यांकडून मारवाडी घराण्यांकडे गेल्या, पण फाळणीनें तागाचीं शेतें सीमेपलीकडे राहिलीं होतीं. मुंबईच्या गिरण्यांच्या जागीं आज काय उभें आहे हें वाचक जाणतातच. आमच्या त्या वर्गांतील एक विद्यार्थी दोन वर्षांमागें भेटला; तो आतां स्वतः शिक्षक आहे. त्यास आम्हीं हें सारें थोडक्यांत सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "मग पुण्याच्या सावकारांचा तो पैसा १८१८ नंतर नेमका कोणकोणत्या गांवीं गेला, ह्याचा हिशेब कोणीं मांडला आहे का?" तो हिशेब पेढ्यांच्या रोजकीर्दींत व खतावण्यांत आहे. १८१८ ते १८५० ह्या काळचीं अशीं दप्तरें ज्यांच्या माळ्यावर वा माजघरांत असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां ह्या मंडळाच्या चिटणिसांस कळवावें. मोडी वाचून नकला करण्याचें काम आम्ही करूं. दप्तर घरचें घरीं परत पोंचेल.